कुठे पोहोचलीस?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी लोणच्यामुरांब्यांवर बोलेन असे पुष्कळजणींना वाटले असेल. पण आज मी मोबाइलवर बोलणार आहे.

२६ जुलै २००५ तुम्हांला आठवतच असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडची मंडळी दादरहून पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी मुलुंडला पोहोचली. फोन लागत नव्हते. ती रात्र मी गॅलरीत उभी राहून काढली.

आता पुष्कळ सोयी झाल्या आहेत. सचिन टेके यांच्या ‘एम-इंडिकेटर’वर लोकलच्या मार्गाप्रमाणे गप्पांच्या जागा आहेत. कुर्ल्याला गाडी अडली, की आत बसलेली माणसेच फलाटावरच्यांना कळवतात. २०२३ साली सरकारने धोक्याच्या सूचनेची चाचणी घेतली, तेव्हा घरोघरचे मोबाइल एकदम किंचाळले. माझ्या हातचे लाटणे खाली पडले! ती सूचना कुणाचा नंबर पाहून येत नाही. ठरावीक मनोऱ्यांच्या टापूत जे मोबाइल असतील, त्या सर्वांना ती जाते. तिथे प्रश्न जागेचा असतो, माणसाचा नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लाइव्ह लोकेशन’चे तसे नाही. ते गटात धाडले, की धाडणारीचा फोटोच सर्वांना नकाशावर सरकताना दिसतो. मुदत आपणच निवडायची : पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास.

एकदा असाच धो धो पाऊस लागला. सूनबाईने आमच्या घरच्या गटात आठ तासांचे धाडले. शीवजवळ तिचा फोटो तासभर हलेना, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. मग गाडी सुटली. पण फोटो घाटकोपरलाच उतरला आणि तिथेच थांबला. मी लगेच गटात लिहिले, “घाटकोपरला कशाला उतरलीस?” काका, आत्या, जाऊ, पुतणे, सर्वांनी ते वाचले.

घाटकोपरला तिचे माहेर. आईला बरे नव्हते, म्हणून ती तासभर टेकली होती. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “आई, पाऊस होता म्हणून पाठवलं होतं.”

मी काय उत्तर देणार? पोळ्या लाटत राहिले. त्यानंतर ती पंधरा मिनिटांचेच धाडते, तेही मुलुंड जवळ आले की. माझी तक्रार नाही.

आता आपल्या मंडळाची सहल निघेल. मागे राहिलेल्यांना बस सापडावी म्हणून हे साधन जरूर वापरू या. पण सगळ्या जमल्या की ज्या त्या बाईने आपले बंद करावे, आणि का बंद केले हे कुणी विचारू नये. बंद करायचे बटण पुष्कळजणींना सापडत नाही, मलाही नातवाने दाखवले. चहा होईपर्यंत मी इथेच आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी मोबाइल आणि चष्मा घेऊन माझ्याकडे यावे.