सही हयातीत सोडा
(गारगोटी येथील व्याख्यानमालेतील भाषणाचा काही भाग)

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘उद्योगाचा वारसा’ असा छापलाय. मी त्यातलं एकच सांगायला आलोय. मालकानं चेकवरची सही हातीपायी धड असताना सोडावी, तारीख जाहीर करून सोडावी. मृत्युपत्र केलं की सुटलो, असं आपल्याकडं समजतात. मृत्युपत्रानं मालमत्ता वाटली जाते. कारखाना चालवणारा माणूस मात्र मालकाच्या डोळ्यांदेखत, चुका करत तयार व्हावा लागतो.

टाटांचं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. 2012 ला ठरल्याप्रमाणे पंचाहत्तरीला उतरलेल्या रतन टाटांना 2016 ला, त्यांच्या जागी आलेल्या मिस्त्रींना काढल्यावर, हंगामी अध्यक्ष म्हणून परत बसावं लागलं. एवढं लक्षात ठेवा.

आपल्या जवळचं घर बघू, किर्लोस्करांचं. लक्ष्मणरावांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना काढला. मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून आला, त्याला काम करू दिलं. 1946 साली पुण्याची ऑइल इंजिन्स आणि बेंगळूरची इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली, तेव्हा लक्ष्मणराव हयात होते. ते गेले 1956 ला. पुढं शंतनुरावांच्या नातवांमध्ये 2009 साली रीतसर करार झाला. तरी वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि 2021 मध्ये कोर्टानं मध्यस्थीचा मार्ग सुचवला. कागद होता, सह्या होत्या. म्हणून म्हणतो, नुसता कागद पुरत नाही.

आता ज्या राजानं त्या कारखान्याला जागा दिली, त्याचं सांगतो. वेळ जाईल, जाऊ दे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे, स्वतः चित्रकार. सत्तरी गाठलेल्या या राजानं 1939 साली गादीवर असतानाच राज्यकारभार लोकांनी निवडलेल्या पंचायतींकडं सोपवला. गांधीजींचा सल्ला घेऊन, राज्यघटना करून. मुलगा अप्पासाहेब त्या कामात बरोबर होता. घराण्याचा हक्क कमी होतोय म्हणून तो आडवा आला नाही. कुणी बंड केलं नव्हतं, इंग्रजांनी सांगितलं नव्हतं. हातात असलेलं माणूस आपण होऊन सोडतो, याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, राजाला तनखा होता! (हशा) हसा, पण मुद्दा खरा आहे. आपल्याकडं घराचं वाणसामान, लग्नकार्य, दवाखाना, सगळं कारखान्याच्या खात्यातून चालतं. मग म्हातारा उतरणार कुठं? पहिल्यांदा स्वतःच्या म्हातारपणाची रक्कम धंद्याबाहेर काढून ठेवा. ती नसली की सही सुटत नाही, आणि पोरगं पन्नाशीचं झालं तरी ‘पप्पांना विचारून सांगतो’ म्हणत राहतं.

‘पोरगं लायक नसलं तर?’ पुतण्या बघा, मुलगी बघा, बाहेरचा मॅनेजर बघा. पुण्याच्या थरमॅक्समध्ये 1996 साली पती अचानक गेल्यावर अनू आगांना धुरा घ्यावी लागली. त्यांनी 2004 मध्ये ती मुलीकडं, मेहर पदमजींकडं दिली, स्वतः धडधाकट असताना.

चिठ्ठी आली, पाच मिनिटंसुद्धा नाहीत. जे. पी. नाईकांनी उभारलेल्या इथल्या मौनी विद्यापीठाबद्दल बोलायचं होतं. ते दिल्लीला गेले, संस्था इथं चालू राहिली, तुम्ही जाणताच.

साठी ओलांडलेल्या कारखानदारांना, दुकानदारांना हात जोडून विनंती आहे. या आठवड्यात घरच्यांना समोर बसवून तारीख ठरवा, आणि ती कामगारांना आणि बँकेलाही सांगा.