सैरंध्रीचं गाऱ्हाणं

कालचं कीर्तन संपलं, आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. एक माउली मात्र मंडपाच्या खांबाला टेकून उभीच. जवळ आली आणि म्हणाली, "महाराज, माझ्या पोराचा साखरपुडा मोडला. मुलीनंच नको म्हटलं. सहा महिने झाले. पोरगं रोज संध्याकाळी तिच्या क्लासच्या कोपऱ्यावर गाडी लावून बसतं. मी म्हणायची, जीव जडलाय, विसरेल हळूहळू. पण परवा त्याच्या मोबाईलात तिला लिहिलेलं वाचलं. माझी नाहीस तर कुणाचीच होऊ देणार नाही, असं होतं. तेव्हापासून घास उतरत नाही."

मी तिला काय सांगितलं ते शेवटी सांगतो. आजचं ठरलेलं निरूपण मात्र बाजूला ठेवलं.

विराटपर्वात चला. पांडवांचा अज्ञातवास. द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची वेणीफणी करते. राणीचा भाऊ कीचक, मत्स्य देशाचा सेनापती. त्याची नजर फिरली. सैरंध्री स्पष्ट नाही म्हणाली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा म्हणाली. पण कीचकाच्या कानाला 'नाही' हा शब्द ठाऊकच नव्हता. मग राणीनं काय करावं? भावाच्या हट्टापायी तिलाच मद्य आणण्याच्या निमित्तानं त्याच्या महालात धाडली! तिथून जीव घेऊन ती पळाली, थेट राजसभेत आली. कीचक मागोमाग आला आणि भर सभेत त्यानं तिला लाथ मारली.

आता नीट बघा. सिंहासनावर राजा विराट आहे, तो गप्प. मानकरी आहेत, ते गप्प. कंक म्हणून बसलेले धर्मराज, तेही म्हणतात, जा, आत जा. श्रोतेहो, आपण कथा सांगताना भीमानं कीचकाला कसं मारलं ते रंगवून सांगतो. त्याच्या आधीची ही सभा घाईनं ओलांडतो. मी म्हणतो, खरी कथा या सभेत आहे. गाऱ्हाणं सगळ्यांनी ऐकलं, उठलं कुणीच नाही.

ही झाली द्वापरातली गोष्ट. आता आपल्या काळातली ऐका. दिल्लीत कायदा शिकणारी एक मुलगी. तिचं नाव मी घेत नाही, ज्यानं त्यानं आपल्या लेकीचं नाव तिथं ठेवावं. तिच्याच महाविद्यालयातला, तिच्या पुढच्या वर्गातला एक मुलगा तिच्या मागे लागला. बाप पोलीस खात्यात बडा अधिकारी. मुलगी गप्प बसली नाही हो! 1995 साली पोलिसांत गेली, एकदा नव्हे, अनेकदा गेली. त्यानं लेखी दिलं, पुन्हा त्रास देणार नाही. पुन्हा दिला. उलट विद्यापीठाकडे तिच्याच विरुद्ध तक्रार केली, की ही एका वेळी दोन पदव्यांचं शिक्षण घेते. तिला संरक्षणाला एक पोलीस मिळाला. आणि 23 जानेवारी 1996 रोजी, ती घरात एकटी असताना, त्यानं तिच्यावर अत्याचार केला आणि गळा आवळून तिला मारलं. संरक्षणाचा पोलीस पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढं? 1999 साली तो सुटला. न्यायाधीशांनी निकालात म्हटलं, गुन्हा यानंच केला हे मला माहीत आहे, पण संशयाचा फायदा द्यावा लागतो. म्हातारा बाप लढत राहिला. 2006 साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्याला दोषी ठरवून फाशी सुनावली.

(श्रोत्यांतून टाळ्या)

थांबा. हात खाली घ्या, मायबाप. पुढचं ऐका. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण फाशी काढून जन्मठेप केली. कुणी म्हणेल बरं झालं, कुणी म्हणेल वाईट झालं. तो विचार न्यायालयाचा. मी तुम्हाला एवढंच विचारतो, फाशी झाली असती तरी ती लेक दाराशी येऊन चपला काढणार होती का? फाशी ही नंतरची गोष्ट. ती गाऱ्हाणं घेऊन हिंडत होती, त्या वर्षात सभा कुठं होती? आपण फाशीला टाळ्या वाजवतो, कारण टाळी वाजवायला काही लागत नाही. पहिल्या गाऱ्हाण्याला उठायला मात्र छाती लागते!

तरुणांनो, तुमच्याशी बोलतो. भगवंतानं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात उतरणीच्या पायऱ्या दाखवल्यात. आधी एकाच गोष्टीचं ध्यान, मग आसक्ती, मग काम, कामातून क्रोध, क्रोधातून भ्रम, आणि शेवटी बुद्धीचा नाश. कोपऱ्यावर गाडी लावून बसणं ही त्यातलीच पायरी. ते प्रेम नव्हे. प्रेम म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं असं वाटणं, मग ते आपल्यावाचून का होईना. पांडुरंग अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. पुंडलिक म्हणाला थांब, तर देव थांबला! देव थांबतो, आणि आपल्याला एका मुलीच्या 'नाही'पुढं थांबता येत नाही?

आणि आयाबहिणींनो, कीचक मेल्यावर काय झालं ठाऊक आहे? त्याच्या भावांनी सैरंध्रीलाच बांधलं. हिच्यामुळं हा मेला, हिला त्याच्या चितेवर जाळा, म्हणाले. आपणही तेच करतो. तिनंच आधी हसून बोलायला नको होतं, साखरपुडा कशाला मोडला, असं म्हणतो. हे म्हणणारी जीभ उपकीचकांची.

2013 पासून मुलीचा नकार असताना तिचा पाठलाग करणं, मोबाईलवरून तिच्यावर पाळत ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या 78 व्या कलमात आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. 112 हा नंबर लेकीला पाठ करून द्या. पण त्याआधी तिला हे सांगा, बाळ, तू बोल, मी तुझ्यावर रागावणार नाही.

आता त्या माउलीला काय सांगितलं ते ऐका. म्हटलं, उद्या सकाळी त्या मुलीच्या घरी जा. मोबाईलात काय वाचलं ते तिच्या आईबापाला सांग. पोराला मनाच्या डॉक्टरकडे ने. आणि तरीही तो त्या कोपऱ्यावर दिसला, तर पोलिसांत तू स्वतः जा. ती रडली. म्हणाली, "महाराज, पोटचा आहे हो." मी म्हटलं, म्हणूनच. आज त्याचा हात धरलास तर तो तुझ्या हातात राहील. उद्या त्या हाताला रक्त लागलं तर तुला दोन घरांचं सुतक धरावं लागेल, एक त्या लेकीचं आणि एक जिवंत पोराचं.

ती आज मंडपात आहे की नाही, मी बघत नाही. तुम्हीही मान वळवू नका. फक्त आपापल्या घरात बघा. आपल्या घरची सभा गप्प आहे का?

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!