नाव काय माझं?



मोहम्मद अलीचे ठोसे तुम्हाला पाठ आहेत. मी त्याच्या नावाविषयी बोलणार आहे. कॅशियस क्ले हे गुलामीचं नाव, म्हणून त्यानं ते १९६४ साली फेकून दिलं. नामांतर केलं म्हणा. पेपरवाले तरी क्लेच छापायचे. १९६७ च्या फेब्रुवारीत एर्नी टेरेल त्याला मुद्दाम क्ले म्हणाला. अलीनं पंधरा राउंड त्याला बडवला आणि मारता मारता ओरडून विचारत राहिला, ‘नाव काय माझं?’ निर्दयपणा होता तो, मी झाकत नाही. पण विचारणं खरं होतं. त्याच साली व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिला, तर किताब काढून घेतला. तीन वर्षांवर रिंग बंद.

हे समजायला नांदेडच्या माणसाला इंग्रजी लागत नाही. आपली पँथर १९७२ ला उभी राहिली तीच अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, अन् आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला मारलं. एका नावापायी! नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ मागं तसंच ठेवून. अन् त्याच सप्टेंबरात नांदेड-लातूरची कॉलेजं वेगळ्या विद्यापीठात गेली. म्हणजे इथं ज्यांची घरं जळाली, त्यांच्याच नातवांच्या डिग्रीवर ते नाव नाही.

डिग्र्या घरी असतील. आज रात्री काढून बघा.