रामनगरची लंका आणि चेर्नोबिलचे रान

काशीला श्राद्धादी कृत्यांसाठी जाणारा मराठी यात्रेकरू घाट पाहतो, विश्वेश्वराचे दर्शन घेतो आणि बहुधा तेथूनच माघारी वळतो. गंगेच्या पैलतीरावरील रामनगरला गेलाच, तर किल्ला पाहून येतो. परंतु तेथे अनंत चतुर्दशीपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत जी रामलीला होते, तिला रंगमंच असा नाहीच. गाव हाच रंगमंच. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही स्थळे गावात आणि भोवतालच्या माळावर कायमची ठरलेली आहेत. प्रेक्षकाला कथेमागोमाग पायी चालावे लागते. ध्वनिक्षेपक नाही, विजेचा दिवा नाही. गॅसबत्त्यांच्या आणि महताबीच्या उजेडात जे दिसेल ते पाहावयाचे.

या लीलेत हिंसा थोडी नाही. शूर्पणखेचे नाक कापले जाते, कुंभकर्ण आणि मेघनाद रणात पडतात. मात्र विजयादशमीला रावणाची भूमिका करणारा गृहस्थ दहा तोंडांचा मुखवटा उतरवितो, रामाच्या चरणांना स्पर्श करतो आणि निघून जातो. जळतो तो नंतर पुतळा. इतके दिवस चालून आलेल्या माणसाला हा वध पुरेसा भीषण वाटतो. रक्ताचा थेंबही लागत नाही.

संगणकावरील ज्या खेळांना ‘मुक्त जगाचे’ खेळ म्हणतात, त्यांची कल्पना याहून फारशी निराळी नाही. तेथेही प्रदेश आधी असतो आणि कथा त्यात विखुरलेली असते. फरक एवढाच, की तेथे चालणाऱ्याच्या हाती बंदूक असते. अशा खेळाची परीक्षा करताना रक्त किती सांडले याचेच माप बहुधा घेतले जाते. ते माप अपुरे आहे. त्या मृत्यूपाशी पोहोचण्यास किती वाट तुडवावी लागली आणि त्या जागेने त्याला काही वजन दिले काय, हे पाहिले पाहिजे.

कीव्हच्या ‘जीएससी गेम वर्ल्ड’ या संस्थेचा ‘स्टॉकर २’ हा खेळ २० नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. युरोपीय वर्गीकरणाप्रमाणे तो १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. त्याची भूमी चेर्नोबिलची. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथील अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी प्रिप्यात हे शहर रिकामे करण्यात आले. खेळात या ओसाड प्रदेशात अदृश्य सापळे पसरलेले आहेत. लोखंडी बोल्ट पुढे फेकून वाट तपासावी लागते. बंदूक झिजते आणि ऐन वेळी अडकते. गोळ्या मोजक्या असतात, भूक लागते, जखम वाहत राहते. त्यामुळे गोळी झाडण्यापूर्वी मनुष्य विचार करतो, आणि पुष्कळदा झाडीतून मुकाट्याने निघून जातो. हिंसक खेळाने खेळणाऱ्याला हिंसेपासून परावृत्त करावे, हा गुण लहान नव्हे.

त्यातील उदासपणा केवळ रंगरंगोटीचा नाही. २०२२ साली युद्ध पेटल्यावर मंडळींपैकी काही प्रागला गेली, काही युक्रेनमध्येच राहिली, काही सैन्यात दाखल झाली. त्या मालिकेच्या पूर्वीच्या एका खेळावर काम केलेला एक खेळ-रचनाकार डिसेंबर २०२२ मध्ये बाखमूतच्या लढाईत कामी आला.

तथापि दोषही ठळक आहेत. प्रसिद्धीच्या वेळी जगाचे स्वतंत्र जीवन चालविणारी यंत्रणा नीट काम देत नव्हती. मोकळ्या माळावर पाठीशीच शत्रू अकस्मात उगवत. पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु ज्याला चालत आलेले कोणी पाहिले नाही, त्याच्या मरणाला वजन ते कुठले? तो केवळ निशाण होतो. दुसरा दोष खोल आहे. माणूस पडला की त्याचे खिसे तपासावयाचे. गोळ्या, पाव, औषध काढून घ्यावयाचे. पहिल्या दोन-तीन वेळा मन कचरते, मग हात आपोआप जातो. निर्दयपणा म्हणून हे दाखविले असते तर निराळी गोष्ट होती. येथे तो नुसता हिशेब होतो. रामनगरात पडलेल्या राक्षसाची गती काय झाली, हेही रामायणी मंडळी गाऊन सांगतात. या रानात मेलेल्याविषयी कोणी काही म्हणत नाही. पाऊस पडत राहतो, आणि पोते जड झाल्यामुळे चाल मंदावते.