वीराचा विषाद



मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावी आहे, आणि येथून निपाणीपर्यंत गावोगावी निवृत्त जवान आहेत. रणभूमी सुटली तरी कित्येकांची झोप परतत नाही. अबोला, संताप वा मद्य यांत ते दुःख दडविले जाते. सांगणे म्हणजे भित्रेपणा, असा समज आहे. परंतु अर्जुनाची गात्रे थरथरली, गांडीव हातून गळाले, तेव्हा त्याने ते श्रीकृष्णापासून लपविले नाही. म्हणूनच गीता प्रकटली.

मठात शांती लाभेल. पण व्याधीस वैद्यच हवा. धारवाडला मनोरुग्णालय आहे, २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. घरच्यांनी वीराचा हात धरून त्यास तेथवर न्यावे. हीही ईश्वरसेवाच होय.