घोड्याचे ठाण आणि कुरण

ठाणावर बांधलेल्या घोड्याला कुरणात किती वेळ मोकळे सोडावे, हा प्रश्न बहुधा मालकाच्या सोयीने सोडवला जातो. वास्तविक त्याचे उत्तर घोड्याच्या जठरात आणि पायांत शोधले पाहिजे. मोकळा घोडा दिवसाच्या २४ तासांपैकी सुमारे १६ तास चरतो आणि चरताना मान खाली घालून पावला-पावलाने पुढे सरकत राहतो. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटर मावेल एवढेच असते. त्यात आम्ल अखंड पाझरत असते, परंतु ते सौम्य करणारी लाळ केवळ चावताना सुटते. म्हणूनच ज्या घोड्याला दोन वेळा चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मिळते आणि मधले तास रिकाम्या गव्हाणीपुढे काढावे लागतात, त्याच्या जठराला व्रण पडण्याचा धोका वाढतो. असा घोडा गव्हाणीची कड दातांत धरून हवा ओढू लागला किंवा जागच्या जागी डोलू लागला, की ती खोड समजून त्याच्या गळ्याला पट्टा आवळला जातो; हा त्या मुक्या जनावरावर उघड अन्याय आहे, कारण पट्ट्याने केवळ लक्षण दडपले जाते, त्यामागची उपासमार आणि कोंडी तशीच राहते.

सकाळच्या तासाभराच्या रपेटीने ही उणीव भरून निघते, हा समज फार रुजलेला असला तरी तो खरा नाही. रपेटीने स्नायूंना श्रम होतात. पण दिवसभराच्या संथ चालण्याने आतड्यांची हालचाल टिकते, पोटशूळाचा धोका घटतो आणि वाढत्या शिंगरांची हाडे बळकट होतात, तर मान खाली राहिल्याने श्वासमार्गातील कफ व धूळ बाहेर निचरते.

तथापि कुरणही सरसकट हितकारक नसते. कोरड्या वैरणीवर उन्हाळा काढलेल्या घोड्याला पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतात एकदम सोडल्यास, मोठ्या आतड्यात तंतू आंबवणारे सूक्ष्मजीव बदललेल्या आहाराशी जुळण्यापूर्वीच पोट बिघडते. गवतात साखर फार असल्यास लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या कवचाला आतील हाडाशी जोडणाऱ्या पदरांचा दाह, होऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. त्यामुळे आरंभी अर्धा तास सोडून ही मुदत दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावी. महाराष्ट्रातील कडक उन्हाळ्यात दुपार सावलीच्या तबेल्यात आणि रात्र कुरणात, ही वाटणी घोड्याला मानवते. पावसाळ्यात मात्र सतत चिखलात उभे राहून खूर कुजत असल्याने उंचवट्यावरची, पाण्याचा निचरा होणारी जागा राखावी लागते.

स्नायुबंध दुखावल्यामुळे पशुवैद्याने ठाणबंदी सांगितली असेल, तेव्हा गव्हाणीत वैरण दिवसभर थोडी थोडी पडत राहावी आणि शेजारचा घोडा दृष्टीस पडावा, एवढी व्यवस्था करणे कोणत्याही तबेल्यात शक्य असते.