शाळेबाहेरचे सवंगडी



बालमानसशास्त्रावर बोलावे एवढे माझे शिक्षण नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. परंतु मुलांना शाळेबाहेर मित्र मिळत नाहीत ही तक्रार मी सोसायटीतल्या साहेबांकडून ऐकतो, तशीच त्यांच्या फाटकावरच्या वॉचमनकडूनही ऐकतो. दोघांची मुले एकाच आवारात राहतात आणि एकमेकांची नावे त्यांना ठाऊक नाहीत!

शाळा मुलांना दोनदा चाळते; एकदा वयाने, एकदा फीने. गिरणगावातल्या चाळीत गॅलरी सामाईक, नळ सामाईक, म्हणून मुलेही सामाईक असत. तिथे सारे गोड होते असे मी म्हणणार नाही. जात तिथेही होती, आणि खेळ रंगात आला की मुलींनाच पाणी भरायला हाक येई. तरीपण लगोरीला गडी कमी पडले की कोणाचाही पोरगा चाले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, त्या जमिनींवर मनोरे उठले. मनोऱ्यात लिफ्ट आहे, गॅलरी नाही.

जागेसारखीच वेळही गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगाराला रविवार मिळाला. त्याच्या पणतवंडांचा रविवार आज शिकवणीच्या वर्गाने नेला आहे. खेळ आणि विश्रांती हा मुलांचा हक्क आहे असे राष्ट्रसंघाच्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम सांगते, आणि १९९२ साली भारताने ती संहिता स्वीकारली. कागदावरचा हक्क अंगणात आणायला काय लागते, ते कामगाराला निराळे सांगायला नको.

मग आईबापांनी करावे काय? मैत्री लावून देता येत नाही. मुलांची पुन्हा पुन्हा गाठ पडेल एवढी सोय करता येते. वर्षातून एकदा वाढदिवसाला तीस मुले बोलावून ते होत नाही. जागा ठरलेली हवी, वेळ ठरलेली हवी, आणि खेळ बिनखर्चाचा. आमच्या वस्तीत संध्याकाळी सहाला एखादी आजी भाजी निवडत कडेला बसते. शिट्टी नाही, पंच नाही. भांडण झाले तर ती लगेच उठत नाही. बहुतेक वेळा मुलेच नवा नियम करून मोकळी होतात. लहान किंवा बुजरे मूल आले तर त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यावे. तो बाद होत नाही, पण खेळात असतो. दुबळ्याला सामावून घेणारा इतका शहाणा कायदा मी कामगार कायद्यांतही फारसा पाहिला नाही.

आता थोडे कडू बोलतो. आमचे सभासद ज्या एका सोसायटीत काम करतात, तिथे बागेवर पाटी आहे : नोकरांच्या मुलांना मनाई. पाटीच्या अलीकडे एक मुलगा एकटाच चेंडू भिंतीवर मारतो. पलीकडे वॉचमनची मुलगी ते पाहत बसते. ही पाटी काढावी, असा अर्ज आम्ही तिथल्या समितीकडे दिला आहे. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, उत्तर आलेले नाही. या सभेत अशा समित्यांवरील मंडळी बसली असतील. आपल्या बागेवर काय लिहिले आहे, ते त्यांनी घरी जाताना वाचावे.